समईकडचं टोक

सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं माळरान, निम्मा ओलांडला होता. मागे आमची वाडी दिसेनाशी झाली होती आणि पुढे खाडीचं पाणी अजून दिसायला लागलं नव्हतं. मार्गशीर्षातलं ऊन, कापून नेलेल्या गवताचे खुंट आणि काळा कातळ. सुगंधा माझ्या पुढे चालत होती. तिच्या डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घोंगडीत गुंडाळलेली तिची लाऊडस्पीकरची पेटी आणि पेटीच्या पाठीला जडवलेला तांब्याचा जाड पत्रा. माझ्या डोक्यावरच्या पाटीत म्हायक, तारांची वेटोळी आणि दोघींची भाकरी. कर्णे आणि बॅटरी सकाळीच धोंडूच्या बैलगाडीतून जत्रेच्या गावी जायला खाडीच्या तरीपर्यंत गेली होती. पेटी मात्र गाडीत घालायला ती तयार नव्हती. गाडीचे हादरे बसले की आतले तारा जोडणारे डाख सुटतात, म्हणून सगळी वाट डोक्यावरून.

माझ्या पोटात सकाळपासून दुखत होतं. करवंदीच्या एका जाळीआड जाऊन आले आणि तिला हाक मारली.

"सुगंधा, मी हयसून परत जातंय."

"कित्या गो वयनी? दमलंस? अजून तर खाडी येवक आसा."

"दमाक नाय. माझी अडचण झाली. आणखी आठवडो होतो, पण झाली."

ती थांबली. मान न हलवता गुडघ्यात वाकून तिने पेटी कातळावर उतरवली, घोंगडी नीट केली आणि माझ्याकडे बघून हसली. मला राग आला. मी पाप टाळायला परत फिरतेय आणि ही हसतेय! पण ती का हसली, ते मागची गोष्ट सांगितल्याशिवाय कळायचं नाही. आणि मागच्या गोष्टीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तेव्हा तीच आधी सांगते.

सुगंधाचं माहेर कुडाळच्या पलीकडे, कडावलच्या बाजूला. तिथल्या मातीत अभ्रक चमकतं. आमच्या शेजारच्या सत्यवानाची बायको होऊन ती आली तेव्हा तिच्या ट्रंकेत लुगड्यांबरोबर अभ्रकाचे तुकडे होते, लहानपणी खेळायचे. सत्यवान मुंबईला एका रेडिओच्या दुकानात कामाला. छातीचं दुखणं घेऊन तो कायमचा घरी आला. येताना एक लोखंडी कांब, डाखाची तार आणि डोक्यात शिकलेली विद्या, एवढंच आणलं. आमच्याकडे तेव्हा वीज नव्हती. ती कांब चुलीतल्या निखाऱ्यावर तापवायची आणि डाख लावायचा. खोकल्याची उबळ आली की सत्यवानाचा हात थरथरे आणि डाख भलतीकडेच सांडे. मग तो खाटेवरून सांगू लागला आणि ती चुलीपाशी बसून करू लागली. एकीकडे भात रटरटतोय, दुसरीकडे कांब तापतेय. असं त्यांचं पहिलं लाऊडस्पीकरचं यंत्र झालं, बॅटरीवर चालणारं. गावात म्हणत, सत्यवानाने यंत्र केलं. सत्यवान स्वतः म्हणे, "माझी फक्त जीभ, हात तिचे." पण ते कोण ऐकतो?

लग्नामुंजींना कर्णा लागे. सत्यवानाला चालवत नसे, म्हणून यंत्रापाशी सुगंधाच बसायची. पहिल्यांदा लोक हसले. "काय गो कर्णेवाली, तुझ्या सासूचो आवाज लाव, कावळे तरी उडतीत." तिची सासू हौसाबाई तिथेच पानाला चुना लावत होती. ती म्हणाली, "माका कर्णो कित्याक होयो? मी घरातसून बोललंय तर मालवणाक ऐकू जाता." तेव्हापासून कुणी फारसं बोललं नाही. घर चालत होतं. सत्यवानाचं औषध, दूध, सगळं त्या कर्ण्यावर.

आमच्याकडे ट्रांझिस्टर म्हटलं की खांद्याला अडकवायचा रेडिओच लोकांना ठाऊक. पण त्या रेडिओच्या पोटात जे असतं, त्याचंच खरं नाव ट्रांझिस्टर. सुगंधाच्या पेटीत मोठे होते, मालवणच्या हसनभाईंच्या दुकानातून आणलेले. बाटलीच्या टोपणाएवढी धातूची टोपी, खाली दोन पाय. एकाच्याने मोठ्या कर्ण्याचा भार पेलत नाही, म्हणून चार शेजारी शेजारी जोडलेले. भार चौघांनी वाटून घ्यायचा. काम करताना ते तापतात. ती ऊब जाऊ द्यायला प्रत्येकाच्या पाठीला जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, पत्र्याचा एकेक पंखा होता, फिरणारा नव्हे, नुसती पाती. टोपी आणि पत्रा यांच्यामध्ये सुगंधाने माहेरच्या अभ्रकाची चकती घातली होती. अभ्रकातून वीज जात नाही, ऊब मात्र जाते. खेळायचे तुकडे असे कामी आले.

आता आधीच्या वर्षीच्या जत्रेची गोष्ट. गावाचं नाव लिहीत नाही, तिथे माझ्या नणंदेचं सासर आहे. खाडीपलीकडचं गाव, देवीचं जुनं देऊळ. जत्रेच्या दिवशी दिवस कलताना मुख्य मानकरी देवीपुढे गाऱ्हाणं घालतो. साऱ्या गावाची सुखदुःखं, परदेशी गेलेल्यांची, दर्यावर गेलेल्यांची रखवाली, सगळं एका दमात मागायचं आणि प्रत्येक मागण्याला लोकांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. गाऱ्हाणं एकदा सुरू झालं की मध्ये तोडत नाहीत. तोडलं तर वर्षभराचं मागणं वाया जातं, असा समज. त्या वर्षी मंडळींनी ठरवलं की गाऱ्हाणं कर्ण्यावरून सगळ्या शेतांत ऐकू जाऊ दे. सुगंधाला बोलावणं आलं.

मानकरी परशुराम. वयाने मोठे, आवाज खणखणीत, गावात शब्द खाली पडत नसे. यंत्र देवळाच्या मांडवात ठेवल्यावर ते म्हणाले, नवीन वस्तू देवीच्या कामाला आली, तिची पूजा झाली पाहिजे. हळदकुंकू लावलं, हार घातला. इथवर ठीक. मी खंडेनवमीला विळीची पूजा करते, यंत्राची केली तर काय बिघडलं? मग त्यांनी पितळेची समई आणून तेल घातलं, पाच वाती लावल्या आणि यंत्राच्या एका टोकाला, अगदी पंख्याला खेटून ठेवली.

सुगंधा म्हणाली, "मानकऱ्यांनू, वायच लांब ठेवा. हयसर आधीच तापता."

"देवीच्या नावान लावलेलो दिवो हलवूचो नाय."

"मगे माका यंत्र हलवूक द्या."

"पूजा झालेली वस्तू हलवतत? तुका कोणी शिकवला ह्या?"

आणि त्यांनी म्हायक हातात घेऊन गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवी माउली, आज तुझ्या जत्रेक सगळी लेकरां जमली हत..." शेतांतून हजारो गळ्यांनी "व्हय म्हाराजा" आलं. माझी नणंद सांगते, अंगावर काटा आला.

सुगंधाने समईकडच्या पंख्याजवळ हात नेला. तो इतर तिघांपेक्षा कितीतरी तापलेला. बंद करावं तर गाऱ्हाणं तुटतं. समई उचलावी तर मानकऱ्यांची नजर तिच्यावर. मग त्या बाईने काय करावं? तिने आपला डावा तळवा ज्योत आणि पंखा यांच्यामध्ये धरला. भिंतीसारखा. गाऱ्हाणं चाललंय, लोक "व्हय म्हाराजा" म्हणताहेत आणि ही ज्योतीवर हात धरून बसलीय. जवळ उभ्या असलेल्या माझ्या नणंदेला आधी वाटलं, ही आरती घेतेय. मग मांस जळाल्याचा वास आला.

एवढं करूनही वाचलं नाही. दर्यावरच्या लेकरांची रखवाली मागत असताना कर्ण्यातून एक किंकाळी आली आणि सगळं बंद. शेतांतली माणसं "व्हय" म्हणायला तोंड उघडून तशीच राहिली. मी त्या वेळी नणंदेच्या घरी प्रसादाचे नारळ खवत होते. ती किंकाळी मी तिथे ऐकली, आणि तिच्यामागची शांतताही.

पुढे जे झालं, त्याचाच तो राग.

परशुराम म्हणाले, गाऱ्हाणं तुटलं, काहीतरी अपवित्र घडलंय. कौल लावू. कौल म्हणजे देवीच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न घालायचा, आणि कुठली पाकळी आधी गळते ते बघायचं. मी कौल मानते. माझ्या थोरल्याच्या लग्नाचा कौल मी स्वतः घेतलाय आणि तो खरा झालाय. म्हणूनच सांगते, प्रश्न कसा घातला ते ऐका. "माउली, ह्या बाईचो विटाळ लागलो आसात तर उजवो दे. मालवणच्या परक्या दुकानातल्या मालाची बाधा आसात तर डावो दे." उजवी पाकळी गळली. झालं. लोकांनी हात जोडले.

अहो, देवीला विचारलं काय? दोनच दारं दाखवलीत तिला! समईचं तिसरं दार कुणी उघडलं का? कसं उघडतील, समई परशुरामांनी लावली होती. डावी पाकळी गळली असती तर आणखी एका निरपराध माणसाचा गळा धरला असता. देवी बिचारी कुठल्या तरी बाजूला पाकळी सोडणारच. तिच्या तोंडून खोटं वदवून घेतलं आणि वर नमस्कार केला. मला यापेक्षा मोठा विटाळ ठाऊक नाही.

सुगंधा तेव्हा न्हालेली होती, बरेच दिवस झाले होते. वाडीत कोण कधी बाहेर बसतं ते आम्हां सगळ्या बायकांना ठाऊक असतं. हौसाबाई तिथे बायकांत उभी होती. मालवणला ऐकू जाणारा तो आवाज त्या दिवशी निघाला नाही. नंतर मला म्हणाली, "बायकांचा बोलणा पुरुषांत कसा बोलू गो? लाज वाटली." सून भाजलेल्या हाताने उभी, तिच्यावर नाही नाही ते घालताहेत, आणि लाज वाटली कुणाला? हिला!

याच्याही पुढची गंमत ऐका. कुणीतरी सुगंधाचा भाजलेला तळवा पाहिला आणि ओरडला, "बघा! जो हात लावलान, तोच देवीन भाजल्यान!" म्हणजे यंत्र वाचवायला जो हात तिने जाळून घेतला, तोच तिच्याविरुद्ध पुरावा झाला. त्या माणसाचं नावही मला लिहायचं नाही. तोंड विटाळेल.

पेटी जळली ती जळलीच. सुगंधा ती घेऊन मालवणच्या बाजारात हसनभाईंकडे गेली. मी बरोबर होते, कारण तिच्या हाताला पट्टी होती. हसनभाईंचं छोटंसं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. त्यांनी पेटी उघडली, चार टोप्या बघितल्या, आणि टोकाच्या पंख्यावरून बोट फिरवलं. बोटाला काजळी लागली. पत्र्यावर गोड्या तेलाचा ओघळ सुकलेला होता.

"ह्या टोकाक आग कोणी ठेवली गो?"

सुगंधाने सांगितलं. हसनभाईंनी बोटावरची काजळी फडक्याला पुसली. मग म्हणाले, "चार सख्खे भाव एक वजन उचलतत असां समज. एकाक ताप इलो. माणसाक ताप इलो तर तो वजन सोडता. हेंचां उलटां. ह्यो जितको तापता तितको जास्त वजन आपल्याकडे ओढून घेता. ओढता म्हणान आणखी तापता, तापता म्हणान आणखी ओढता. शेवटाक तो मरता. मगे तेचो भार ऱ्हवलेल्यांवर, आणि तेही जातत. तुझ्या यंत्रात पयलो मेलो तो समईकडचो."

मी म्हटलं, "ह्यो खंयचो न्याय, हसनभाय? जो आधीच पोळलोहा, तेच्याच डोक्यार आणखी?"

"वयनी, तो न्याय काय फक्त यंत्रात आसा?" ते म्हणाले, आणि सुगंधाच्या पट्टीकडे त्यांनी बघितलं नाही, पण मला कळलं.

त्यांनी दोन उपाय सांगितले. चौघांना वेगवेगळे पंखे नकोत, एकाच जाड पत्र्यावर जवळ जवळ बसव, म्हणजे एकाची ऊब चौघांत वाटली जाईल आणि एकटा कुणी तापणार नाही. आणि प्रत्येकाच्या पायात बारीक तारेचं एक छोटं वेटोळं घाल, म्हणजे जो पुढे धावेल त्याला तेच मागे ओढेल.

हसनभाई एवढ्यावर थांबले नाहीत. पुढच्या आठवड्यात ते स्वतः होडीने त्या गावी गेले आणि परशुरामांना समईची गोष्ट सांगितली. परशुरामांनी त्यांना पाणी दिलं, सुपारी दिली आणि म्हणाले, "हसन, तू रेडिओ बघ. देवीचां आमी बघतंव." माणसं उद्धट बोलली तर उत्तर देता येतं. सुपारी देऊन बोलली तर काय करायचं?

त्यानंतर वर्षभर सुगंधाचा कर्णा कुणी नेला नाही. लग्नं झाली, बारशी झाली, सत्यनारायण झाले. "तिचो कर्णो वाजत नाय, जळता," असं विहिरीवर मी माझ्या कानांनी ऐकलं. सत्यवानाचं दूध बंद झालं. ज्या तळव्याला ज्योत लागली होती तो भरून आला, पण मुका झाला. गरम-गार त्याला कळेना. चुलीवरचं भांडं ती त्या हाताने उतरवी आणि चटका बसलाय हे तिला वास आल्यावर कळे.

आणि तरी तिने दुसरं यंत्र केलं. ट्रांझिस्टर हसनभाईंनी दिले, पैशांचं वाजल्यावर बघू म्हणाले. जाड पत्रा कुठून आणायचा? तिने माहेरचं तांब्याचं घंगाळ मालवणच्या तांबटाकडे नेलं, कापवून सपाट करून आणलं. हौसाबाईने अंगण डोक्यावर घेतलं. "आता आंघोळ काय कर्ण्यान करतलंव?" पण कांब तापवताना निखारे फुंकायला तीच बसली. त्या दिवशीच्या गप्प बसण्याची भरपाई करत असावी. बोलली मात्र कधी नाही.

जत्रेवाल्यांनी पुढच्या जत्रेसाठी नांदगावच्या बाजूचा एक कर्णेवाला ठरवून ठेवला होता. आधी एका उत्सवात त्याला वाजवून बघितलं. त्याचं यंत्र इंजिनावर चालायचं आणि ते इंजिन भटजीबुवांपेक्षा मोठ्याने ओरडायचं. तेव्हा नाइलाजाने मंडळींचा माणूस सत्यवानाकडे आला. हरिश्चंद्र त्याचं नाव, स्वभावाने गरीब. अंगणात उभं राहून म्हणाला, "यंत्र द्या, पण बाई पाठवू नका, असां मानकरी म्हणतत."

सत्यवान खाटेवर उठून बसला. "मगे रिकामो डबो न्या नि तेचीच पूजा करा."

हरिश्चंद्र परत गेला आणि परत आला. शेवटी असं ठरलं: यंत्र देवळात नको, समोरच्या शेतात वेगळा मांडव घालू. यंत्राजवळ समई नाही. सुगंधा आली तरी चालेल, पण ती आणि तिच्याबरोबरची बाई, दोघीही शुद्ध हव्यात. जाताना त्याने मान खाली घालून आणखी एक निरोप दिला. या खेपेला गाऱ्हाणं तुटलं तर गाव साऱ्या पंचक्रोशीत सांगून ठेवणार की या घरचा कर्णा कुणी आणू नये. म्हणजे सत्यवानाच्या औषधाचं आणि दुधाचं दार कायमचं बंद.

बरोबरची बाई कशाला, तर तळव्यासाठी. गाऱ्हाणं चालू असताना सुगंधाचा उजवा हात सारखा आवाजाच्या खुंटीवर हवा, कमी-जास्त करायला. डावा मुका. पत्र्याची दोन्ही टोकं सारखी तापताहेत की नाही ते दुसऱ्या कुणीतरी चाचपत राहायला हवं. एक टोक जास्त तापलं की तिने लगेच आवाज उतरवायचा. हौसाबाईचे तळवे निखारे उचलून उचलून निबर झालेले, त्यांना काही कळत नसे. म्हणून मी. आमच्या अंगणात आम्ही पुष्कळदा करून बघितलं होतं. ती म्हायकात काहीबाही बोले, कर्ण्यासमोरची कोंबडी उडून जात, आणि मी पत्र्यावर तळवे ठेवून बसे.

"हयलां टोक?"

"कोमट."

"थयलां?"

"तांय कोमट. मधी वायच जास्त."

"मधी असताच. नीट ठेव गो हात, भाकरी थापूक नाय सांगलंय."

मला त्या पत्र्याची सवय झाली होती. दोन्ही टोकं सारखी कोमट लागली की बरं वाटायचं. तापलेल्या एकाची ऊब बाकीच्यांनी वाटून घेतलीय, हे तळव्याला कळायचं. आमच्या वाडीत एवढं जरी कुणाला सुचलं असतं!

तर अशा त्या पत्र्यासकट आम्ही निघालो होतो, आणि सड्याच्या मध्यावर मी परत जाते म्हणत उभी होते, आणि ती हसत होती.

"हसतंस काय?" मी म्हटलं. "तुझ्याच भल्यासाठी सांगतंय. शुद्ध बाई होयी म्हणान तेंनी सांगल्यानी. वाटेत कोणतरी मेळतली, तिका घे."

"कोणाक घेव? ह्या सड्यार करवंदी सोडून कोण आसा?"

"मगे तूच बघ कसां ता. माझ्यान पाप होवचां नाय."

तिने हसणं थांबवलं. पाटीतला तांब्या काढून मला पाणी दिलं. मग कातळावर बसली आणि मला हाताला धरून बसवलं. त्या मुक्या हातानेच.

"वयनी, माका एक सांग. गेल्या वर्साक मी कशी होतंय?"

"न्हालेली होतंस. माका म्हायत आसा."

"आणि यंत्र जळलां. खरां मा? म्हणजे शुद्ध बाईच्या हातात जळलां. औंदा समई नाय, पत्रो एक आसा, तारेची वेटोळी आसत. औंदा वाजला तर कशान वाजात?"

"पत्र्यान वाजात."

"ता तुका कळता आणि माका कळता. तेंका कळाक नाय. तेंका वाटतला, बाई शुद्ध होती म्हणान वाजला. म्हणजे गेल्या वर्साक ती अशुद्धच होती. वाजला तरी मीच खोटी, जळला तरी मीच खोटी!"

 याचा मी विचारच केला नव्हता. यंत्र नीट वाजलं की तिच्यावरचा डाग जाईल, एवढंच मी धरून चालले होते. तो जाणार नव्हता, उलट पक्का होणार होता. इतकी साधी गोष्ट, आणि ती एकटीच वर्षभर उराशी घेऊन बसली होती.  त्या लोकांनी तिला असं कोंडलं होतं की पुढचं दार उघडलं तरी आतच यायचं.

"पण देवी, सुगंधा?" मी म्हटलं. "मी ह्या अंगान तिच्या फुड्यात कशी जाव?"

"देवळात जाव नको. मी तुका देवळात नेतंय? पायरेक तुझो पाय लागूचो नाय. मांडव शेतात आसा, वयनी. त्या शेतात पावसाळ्यात लावणी कोण करता? तेंच्या बायकाच मा? चिखलात कमरेइतक्या वाकतत तेवा मानकरी बांधार उभो ऱ्हवान इचारता काय, कोण भायरची आणि कोण शुद्ध? तो तांदूळ देवीक निवेद म्हणान चलता. आणि तुझो हात पत्र्याक चलणा नाय?"

  माझी आजी लावणीच्या दिवसांत चारही दिवस चिखलात असायची. त्याच तांदळाचा भात आम्ही पानात घेऊन देवाचं नाव घेत जेवायचो. हे मला कुणी आधी का नाही दाखवलं, याचा राग मी कुणावर काढू?

खाडीकडून वारा आला. तिने उठून चुंबळ डोक्यावर ठेवली. पेटी उचलायला मी हात लावला, एका बाजूने ती, दुसऱ्या बाजूने मी. उन्हात ठेवल्यामुळे घोंगडीतूनही पत्रा तापलेला लागत होता. पेटी डोक्यावर घेऊन ती सरळ उभी राहिली, आणि मान हलवता येत नव्हती म्हणून समोर बघतच बोलली.

"हात लावून गप बसशीत तर काय उपेग नाय, वयनी. गाऱ्हाणा पुरा होयसर पत्र्यार हात ठेव. पुरा झाला की म्हायक मी तुझ्या तोंडाकडे धरतंय. कर्णे चालूच आसतले. जास्त काय नको. इतक्याच सांग, मी आज भायरची आसंय आणि ह्या पत्र्याक सगळो वेळ माझोच हात होतो, तरी गाऱ्हाणा तुटाक नाय. गेल्या वर्साक जितक्या लोकांनी माझा नाव ऐकला, तितक्या लोकांक ऐकू जावंदे. सांगशीत मा गो माझ्यासाठी?"